साखळी कधी सोडायची?

आगरदांड्याच्या धक्क्यावरून निघालेली फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला लागते. गाडीसकट माणसं पलीकडे जातात आणि म्हसळ्यावरून पडणारा मोठा वळसा वाचतो. मुंबईचं घर आवरून श्रीवर्धन तालुक्यात कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी ही सोयीची वाट आहे. बोट सुटली की सगळे जंजिरा बघायला गाडीतून उतरतात. मागच्या सीटवरच्या कुत्र्याला मात्र तेव्हा फक्त पायाखालची थरथर आणि डिझेलचा उग्र वास कळत असतो. भोंगा वाजला की ते दचकून दाराकडे धाव घेतं. म्हणून एका ओळखीच्या माणसाने गाडीतच त्याच्याजवळ बसावं, काच थोडी खाली ठेवावी आणि साखळी हातात धरावी. अलिबाग-मुरूडच्या वळणांवर उलट्या होऊ नयेत म्हणून निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला घालू नये. पाणी मात्र वाटेत थोडं थोडं देत राहावं.

माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक साधारण 50 ते 60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. जुनं घर त्याच्या लेखी वासांनी बनलेलं असतं. दिघीत उतरताच नाकाशी येते खारी हवा, ओला जांभा, सुपारीची वाडी, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, आणि यातलं ओळखीचं काहीच नसतं. घर बदलताना सगळं धुऊन-पुसून न्यायची आपली रीत. कुत्र्याची गोधडी तेवढी न धुता आणावी. सामान उतरवण्याआधी एखादी आतली, शांत खोली त्याच्यासाठी मोकळी करून तिथे ती गोधडी आणि जुनंच भांडं ठेवावं. हमालांची ये-जा संपेपर्यंत दार बंद असावं. उघड्या दारातून कुत्रं निसटतं ते बहुधा याच गडबडीत.

पुढचं काम वेळापत्रकाचं. मुंबईत सकाळी सातला फिरायला जात असेल तर इथेही सातलाच न्यावं, जेवणाची वेळ आणि खाणंही तेच ठेवावं. एखाद-दुसरा दिवस ते कमी खाईल, घरच्यांच्या पायांत घोटाळत राहील, क्वचित घरात लघवीही करेल. त्यावर ओरडलं तर नव्या घराची भीतीच पक्की होते. नव्या घरी आलेल्या कुत्र्यांबरोबर काम करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात: बावरलेपण ओसरायला तीन दिवस, दिनक्रम अंगवळणी पडायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. म्हातारी किंवा मुळात भित्री कुत्री जास्त वेळ घेतात. मात्र पाणीच तोंडाला लावत नसेल किंवा उलट्या थांबत नसतील तर पशुवैद्याला गाठायला हवं. दवाखाना कुठे आणि किती वाजता उघडतो, हे येण्याआधीच विचारून ठेवावं.

या काळात साखळी सुटता कामा नये.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी 27 शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून ती जंगलात मालकाकडे कशी परततात ते पाहिलं. 2020मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बरीच कुत्री आपल्याच वासाच्या मागावर आल्या वाटेने परतली. काहींनी नवी वाट धरली आणि त्यातल्या अनेकांनी आधी उत्तर-दक्षिण दिशेत साधारण 20 मीटरची धाव घेतली, जणू पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा पडताळली. पण ही कुत्री स्वतःच्या पायांनी जंगलात शिरलेली होती. गाडीतून आणि मग बोटीतून आलेल्या कुत्र्याच्या पायांचा वास वाटेवर कुठेच उमटलेला नसतो. ते जुन्या घराकडे निघालं तरी खाडीशी येऊन अडणार. अपवाद असतात: अमेरिकेतला बॉबी नावाचा कुत्रा 1923मध्ये इंडियानात हरवला आणि सहा महिन्यांनी सुमारे 4,000 किलोमीटरवरच्या ओरेगॉनमधल्या घरी पोहोचला. वाटेत त्याला आसरा देणाऱ्यांनी नंतर पत्रं लिहून ते कळवलं. ही कथा इतकी गाजली ती असं सहसा घडत नाही म्हणूनच.

फिरायला निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘चावतो का हो?’ दुसरा प्रश्न गावातली कुत्री विचारतात, भुंकून. वाडीवाडीची हद्द त्यांनी आधीच वाटून घेतलेली असते. कुत्र्याचं जागेशी असलेलं नातं कायद्यानेही मानलंय: 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकं कुत्रं नसबंदीनंतर पकडल्या जागीच सोडायचं असतं. पाहुण्या कुत्र्याने सुरुवातीला गावातल्या कुत्र्यांच्या जेवणाच्या जागा टाळाव्यात, रोज ठरलेल्या वाटेने जावं आणि लांबूनच एकमेकांचा वास घेऊ द्यावा. रेबीजची लस चालू असायलाच हवी. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांवरचं औषधही पशुवैद्याला विचारून घ्यावं.

शहरी कुत्र्याला न ठाऊक असलेले धोकेही इथे आहेत. गडग्याच्या दगडांत फुरसं असू शकतं, म्हणून अंधारात हातात बॅटरी हवी. जाळ्यातून काढून वाळूत टाकलेला केंड मासा विषारी असतो. किनाऱ्यावर दिसेल ते तोंडात घालायची सवय आधी मोडावी लागते.

हाक मारल्यावर कुत्रं वास सोडून परत येऊ लागलं, की आधी कुंपणाच्या वाडीत लांब दोरीवर आणि मग मोकळं सोडून पाहावं. गळपट्ट्यावर नवा फोन नंबर हवाच. तरीही निसटलंच तर दिघी आणि आगरदांडा, दोन्ही धक्क्यांवर सांगून ठेवावं, जवळच्या बोर्लीच्या बाजारात फोटो दाखवावा. शेवटचं दिसलं त्या जागी त्याची गोधडी आणि पाणी ठेवून तिथे एका माणसाने गप्प बसून राहावं. घोळक्याने हाका मारत मागे लागलं तर घाबरलेलं कुत्रं आणखी दूर पळतं. सापडल्यावर न रागावता घरी आणावं आणि साखळीसकट पुन्हा पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक सुरू करावं.