गाईच्या पोटातील सहजीवन

गाय कडबा खाते व दूध देते, हे मुलांच्या नित्य पाहण्यातील आहे. परंतु तो कडबा गाय एकटी पचवू शकत नाही, हे ऐकून त्यांना नवल वाटेल. चाऱ्याचा मोठा भाग सेल्युलोज नावाच्या चिवट द्रव्याचा असतो. त्याचे विघटन करणारा पाचकरस कोणत्याही सस्तन प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही.

मग हे काम कोण करते? गाईच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यास कोठीपोट म्हणतात. तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. अशा जागी जीवाणू, आदिजीव व कवके वाढतात. तेथील एक मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू असतात. त्यांच्यासोबत राहणाऱ्या आदिजीवांचे वर्णन ग्रुबी व डेलाफाँ या शास्त्रज्ञांनी १८४३ साली केले.

हे सूक्ष्म जीव चारा आंबवितात. त्यातून निर्माण होणारी आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात व गाईस लागणारी बहुतेक ऊर्जा पुरवितात. रवंथ करताना चारा बारीक होतो आणि लाळेमुळे आम्लता आटोक्यात राहते. पुढे हे जीव स्वतःच चौथ्या कप्प्यात वाहत जाऊन पचतात व गाईस प्रथिने मिळतात. गाय निवारा, ऊब व चारा देते, तर सूक्ष्म जीव तिला अन्न देतात. यासच सहजीवन म्हणतात.

या ज्ञानाचा शेतकऱ्यास प्रत्यक्ष उपयोग आहे. सुगीत मोकळे सुटलेले जनावर ज्वारीच्या राशीत तोंड घालते आणि दुसऱ्या दिवशी दगावते, असे घडू शकते. धान्यातील पिष्ट झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल साचते, चारा पचविणारे जीवाणू मरतात व विषबाधा होते. अशा वेळी पशुवैद्यास विनाविलंब बोलवावे. खुराक बदलणे असल्यास तो दहा-बारा दिवसांत थोडा थोडा बदलावा, म्हणजे जीवाणूंस जुळवून घेण्यास अवधी मिळतो. हे मुलांकरवी घरोघर पोहोचवावे.

पाठाच्या शेवटी मुलांस विचारावे : चार दिवसांचे वासरू कडब्यावर का जगत नाही? त्याचे कोठीपोट अद्याप वाढलेले नसते. आईच्या चाटण्यातून व चाऱ्यातून सूक्ष्म जीव तेथे हळूहळू वस्तीस येतात. तोवर दूध हाच त्याचा आहार होय.