मांजराचा अतिसार आणि आतड्यांतील परजीवी

काशीतील राजा घाट राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाशी निगडित आहे. अमृतरावांचा अंत १८२४ साली काशीतच झाला. दरवर्षी पावसाळ्यात गंगेचे पाणी येथील पायऱ्या चढून वर येते आणि ओसरताना मागे ओल्या गाळाचा थर ठेवून जाते. माणसांना हा गाळ अडचणीचा वाटतो. मांजरांना मात्र तो सोयीचा असतो, कारण मऊ माती उकरून तीत विष्ठा पुरणे हा त्यांचा स्वभावच आहे. परंतु परजीवींची अंडी दीर्घकाळ टिकून राहतात तीही अशाच ओलसर, सावलीच्या जागी. तेथे वावरणाऱ्या एखाद्या पिल्लाला पातळ शौचास होऊ लागले, म्हणजे कोणी तरी दयाळू मनुष्य घरातील जंतांच्या गोळीचा तुकडा मोडून त्याला चारतो. हेतू चांगला असला, तरी उपाय घातक ठरू शकतो. तो का, हे समजून घेण्यासाठी या परजीवींची ओळख करून घेतली पाहिजे.

अतिसार हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे. ते उत्पन्न करणारे परजीवी मुख्यतः दोन वर्गांत मोडतात : कृमी आणि आदिजीव. कृमी डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असतात. आदिजीव एकपेशीय असून केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. या दोन वर्गांवरील औषधे बहुतांशी वेगवेगळी आहेत, आणि उपचारांतील पुष्कळशा चुका या एका गोष्टीच्या विस्मरणातून होतात.

कृमींपैकी गोलकृमी पिल्लांत विशेष आढळतो. मातेच्या दुधावाटे त्याच्या अळ्या पिल्लाच्या पोटात जातात. मोठ्या मांजराला उंदीर खाल्ल्यानेही त्याची बाधा होते. पोट फुगणे, वाढ खुंटणे व अधूनमधून वांती होणे ही त्याची चिन्हे होत. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतो. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून कातडीवाटेही शरीरात शिरू शकतात. विष्ठा काळपट व हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तर विलंब करू नये. या दोहोंवर पायरँटेल अथवा फेनबेंडाझोल गुणकारी आहे. पट्टकृमीचे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे शेपटीखाली दिसतात. त्याचा नेहमीचा प्रकार पिसवांमार्फत पसरतो. म्हणून प्राझिक्वांटेल देऊनही पिसवांचा नायनाट केला नाही, तर तो पुन्हा उद्भवतो.

आदिजीवांमध्ये जिआर्डिया हा प्रमुख होय. १६८१ साली लेव्हेनहूक या डच निरीक्षकाने स्वतःच्याच विष्ठेत तो पाहिला होता. दूषित पाण्यातून त्याच्या पुटी पोटात जातात. फेनबेंडाझोल हे कृमींवरील औषध त्याच्यावरही चालते. त्याची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस अशी साधारणपणे असते. कॉक्सिडिया लहान पिल्लांना अधिक पीडा देतात. त्यांवर सल्फा वर्गातील औषधे अथवा टोल्ट्राझुरिल देतात. ट्रायट्रिकोमोनास या तिसऱ्या आदिजीवामुळे मांजरांना दीर्घकाळ रेंगाळणारा अतिसार होतो, हे २००३ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यावर रोनिडाझोल उपयोगी पडते. परंतु ते मज्जासंस्थेवर दुष्परिणाम करू शकत असल्याने पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

आता त्या गोळीकडे वळू. माणसांसाठी सर्रास मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळीत ४०० मिलिग्रॅम औषध असते. तिचा चौथा तुकडा अर्धा किलोग्रॅम वजनाच्या पिल्लाला दिला, तर किलोग्रॅममागे २०० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. हे औषध मांजराच्या अस्थिमज्जेस अपाय करून रक्तपेशींची निर्मिती मंदावू शकते. पॅरासिटामॉल तर मांजराला अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. अतएव माणसाचे औषध मांजराला अंदाजाने देऊ नये.

योग्य मार्ग विष्ठेच्या तपासणीपासून सुरू होतो. दाट द्रावणात विष्ठा मिसळली असता अंडी व पुटी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. ट्रायट्रिकोमोनाससाठी मात्र अगदी ताजी, थंड न केलेली विष्ठा हवी. कारण तो जिवंत हालचालीवरूनच ओळखला जातो. जिआर्डियाच्या पुटी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून एका तपासणीत काही न आढळल्यास काही दिवसांच्या अंतराने आणखी दोन वेळा तपासणी करावी.

तोपर्यंत पिल्लाचा प्राण वाचवायचा, तो पाण्याने. पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही, तर शरीरातील पाणी फार घटले आहे असे समजावे व पिल्लाला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. गाईचे दूध देऊ नये. त्याने अतिसार वाढतो. लहान पिल्लाला उपाशीही ठेवू नये. शिजवलेली बिनमसाल्याची कोंबडी थोडी थोडी द्यावी.

औषधाइतकेच महत्त्व स्वच्छतेला आहे. जिआर्डियाच्या पुटी बाहेर पडताक्षणीच संसर्गक्षम असतात. कॉक्सिडियांना त्यासाठी एक-दोन दिवस व गोलकृमीच्या अंड्यांना काही आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलल्यास पुष्कळसा प्रसार थांबतो. ब्लीचिंगच्या द्रावणाने गोलकृमीची अंडी मरत नाहीत. उकळते पाणी व कडक ऊन यांचा उपयोग अधिक होतो. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरवड्यास, मातेसह कृमिनाशक द्यावे. गोलकृमीची अंडी पोटात गेल्यास माणसालाही बाधा होते. यास्तव मातीत खेळणाऱ्या मुलांनी जेवणापूर्वी हात धुणे अगत्याचे आहे.

घाटावरचा गाळ पाण्याच्या झोताने धुऊन निघतो. पायऱ्यांच्या सांदीत लपलेली अंडी मात्र मागे राहू शकतात. पिल्लाला बरे करणे म्हणजे केवळ त्याच्या पोटातील परजीवी मारणे नव्हे, तर त्याच्या भोवतालची ओली, अस्वच्छ जागा कोरडी व स्वच्छ राखणेही होय.