'घरी न्या' म्हटल्यानंतरचे उपचार

'आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या.' नागपुरात मेडिकलमधून, मेयोतून किंवा धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यातून हे ऐकून रुग्ण सीताबर्डीतल्या, म्हणजे बर्डीतल्या, आपल्या घरी येतो. घरच्यांना वाटतं, उपचार संपले. डॉक्टरांना म्हणायचं असतं एवढंच, की आजार बरा होणार नाही. दुखणं कमी करायचं, उलट्या थांबवायच्या, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, रात्रीची झोप मिळवून द्यायची, ही कामं त्यानंतरही असतातच. तीच पॅलिएटिव्ह केअर. पण तिच्याबद्दलचे गैरसमज इतके पक्के आहेत, की गरज असलेली माणसं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचली तरी सेवा पुरवणारेच मध्ये दमून थांबतात.

ही सेवा शेवटच्या आठवड्यात घ्यायची, हा पहिला गैरसमज. 2010 साली बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास झाला. निदान झाल्यापासूनच ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं मन तुलनेने बरं राहिलंच, शिवाय ते जास्त जगलेही. मध्यक आयुर्मान त्यांचं 11.6 महिने, तर इतरांचं 8.9 महिने. म्हणजे केमो चालू असतानाही हे उपचार घेता येतात आणि घ्यावेत.

आपल्याकडे ही गरज कशी दिसते ते सांगतो. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे घरोघरी आहेत आणि तोंडाचा कॅन्सरही त्याच वाटेने येतो. गालाला भोक पडलेलं, जखम वाहते, वास इतका की नातवंडांना त्या खोलीत पाठवत नाहीत. रुग्णाला दुखण्यापेक्षा त्याचीच लाज जास्त वाटते. घरी येणारी नर्स जखम धुते, मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड करून त्यावर पसरते आणि पट्टी बांधते. हे रोज केलं, की बहुतेकदा काही दिवसांत वास उतरतो. मग नाकातल्या नळीतून पातळ पेज कशी द्यायची, देताना डोकं किती उंच ठेवायचं, हे ती सुनेला हाताला धरून शिकवते. गोळी साधी आणि स्वस्त आहे. अवघड आहे ते कुणीतरी नेमाने घरी येणं.

दुसरी भीती मॉर्फिनची. 'त्याचं व्यसन लागतं', 'ते दिलं की माणूस लवकर जातो'. कॅन्सरच्या वेदनेवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन थोड्या डोसपासून सुरू करतात, साधारण दर 4 तासांनी देतात आणि दुखण्याच्या मानाने वाढवतात. असं मोजून दिलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही, व्यसनही क्वचितच लागतं. सुरुवातीला गुंगी येते, काही दिवसांत ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ हमखास होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध हवंच. ते लिहून दिलं नसेल तर नातेवाइकांनी मागून घ्यावं.

मॉर्फिन मिळत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिचं मूळ कायद्यात होतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे. तरी 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ एवढं वाढलं, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली, की संस्थेला मॉर्फिन ठेवता येतं. ज्या मोठ्या दवाखान्याने ही मान्यता अजून घेतलेली नाही, त्याला जुना कायदा पुढे करता येणार नाही.

ही सेवा कॅन्सरपुरती आहे, हेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि ती मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. गरज असलेल्या प्रौढांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे रुग्ण कॅन्सरच्या रुग्णांपेक्षा जास्त आहेत. अर्धांगवायूने वर्षानुवर्षं पडून असलेल्या आजी, डायलिसिस थांबवलेले काका, हेही त्यातच आले. विदर्भात त्यांच्या जोडीला सिकलसेलची पोरं आहेत. हाडं फोडून काढणारं त्यांचं दुखणं कित्येकदा 'नाटक' ठरवलं जातं. त्यांनाही वेदनाशमनाचा तेवढाच हक्क आहे.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारा गैरसमज: चांगली माणसं जमली, की अशी सेवा आपोआप चालते. नाही चालत. चार सेवाभावी लोक एकत्र येतात, वर्षभर घरोघरी जातात, मग एकाची बदली होते, दुसऱ्याच्या घरी आजारपण येतं आणि रुग्णांचे फोन वाजत राहतात. ज्याला दुखतंय त्याला सेवा मंगळवारी रात्री हवी असते. म्हणून पगारी नर्स हवी, तिच्या सुट्टीला बदली हवी, औषधाचा साठा आणि नोंदवही हवी. स्वयंसेवकांचं कामही मोलाचं आहे. रुग्णाजवळ बसणं, घरच्यांना दोन तास मोकळीक देणं, कागदपत्रं धावपळीने करून आणणं ही कामं त्यांची. पण जखमेची आणि औषधाची जबाबदारी त्यांच्या सवडीवर सोडता येत नाही.

देणगीचंही तसंच. इमारतीला, रुग्णवाहिकेला देणारे भेटतात, कारण त्यावर नाव लागतं. नर्सच्या पगारावर कुणाचं नाव लागत नाही. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा बहुधा ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली, की पगार थांबतो. आरोग्य विमाही मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाचा विचार करतो. एक हिशेब मांडून बघू. समजा नर्स, गाडी, औषधं आणि ड्रेसिंगचं सामान मिळून महिन्याला 60,000 रुपये लागतात. बर्डीच्या मेन रोडवर आणि मोदीच्या गल्ल्यांत मिळून 300 दुकानांनी महिन्याला 200 रुपये दिले, तर हा खर्च निघतो. एका मोठ्या दात्यापेक्षा हे 300 जण जास्त भरवशाचे, कारण त्यातले दहा गळाले तरी नर्स येतच राहते.

'हे केरळातच जमतं' असं लगेच कुणी म्हणेल. केरळातही ते आपोआप झालेलं नाही. 1993 साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजातून सुरुवात झाली, 1999 पासून मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली, आठवड्याला निदान दोन तास देणारे प्रशिक्षित स्वयंसेवक आणि छोट्या-छोट्या वर्गण्या जमत गेल्या, आणि 2008 च्या धोरणाने पंचायतींवर जबाबदारी आली. त्या क्रमाने जायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. महाराष्ट्राचं धोरण 2012 चं आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या 12 सेवांतही पॅलिएटिव्ह केअर लिहिलेली आहे. नागपुरात स्नेहांचलसारखी संस्था कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळते आहे. आणि खुद्द सीताबर्डीत कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली एक लहानसं प्रसूतिगृह काढलं, त्यातून मातृसेवा संघ वाढला. बाळंतपणं घरातच व्हायची त्या काळात प्रशिक्षित परिचारिकेच्या हाताला किंमत आहे, हे या वस्तीने मानलं आणि त्याला शंभर वर्षं पुरेल एवढा आधार दिला.

महापालिकेची आरोग्य केंद्रं आणि घरोघरी नर्स पाठवणारी संस्था यांनी एकच नोंदवही वापरली तरी बराच गोंधळ कमी होईल. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून इथे आलेला रुग्ण परत गेल्यावर त्याचा धागा तुटतो, तो तिथल्या आशाताईंच्या हाती देता येईल.

तोवर, तुमच्या घरचा माणूस डिस्चार्ज होत असेल तर कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. दुखणं अचानक वाढलं तर कोणती गोळी आणि किती द्यायची? मॉर्फिन कुठून मिळेल? जखमेची पट्टी कोण शिकवेल? आणि रात्री अडीच वाजता फोन कुणाला करायचा? उत्तरं लिहून घ्या, नंबर तिथेच लावून बघा.