कोथिंबीर शिट्टीच्या आधी की नंतर?

पुण्यात घरी कोंबडीचं सूप करायचं म्हटलं, की बहुतेक स्वयंपाकघरांत रीत एकच. कोंबडीचे तुकडे, हळद, मीठ, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण आणि पाणी असं सगळं एकदमच कुकरमध्ये जातं. शिजल्यावर, तिखट मसाला घालण्याआधी, वरचा पातळ पिवळसर रस्सा काढून ठेवतात. तोच आपला अळणी रस्सा. लहान मुलांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्या माणसाला तो आवर्जून दिला जातो आणि मटण-चिकनच्या खानावळींत थाळीसोबत वाटीभर येतोच. पदार्थ उत्तम आहे, त्याला सुधारायची गरज आहे असं मला वाटत नाही. मात्र त्यात पडणाऱ्या हिरव्या पाल्याचं चीज होत नाही, हे नक्की. कोथिंबीर घातली जाते आणि खाणाऱ्यापर्यंत तिचा वास पोहोचतच नाही. पाला किती घातला यापेक्षा तो कधी घातला यावर सूप ठरतं, असं माझं ठाम मत आहे. देठ सुरुवातीला घालावेत आणि पानं गॅस बंद केल्यावर.

याचं कारण पानाच्या घडणीतच आहे. कोथिंबिरीच्या पानाचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्यं उडून जाणारी आहेत. पान चिरलं, चुरगळलं की ती मोकळी होतात आणि उकळत्या पाण्यात वाफेबरोबर निघून जातात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाबामुळे तेच तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. शिट्टी झाली की जिन्यापर्यंत दरवळतो तो वास वाटीतून वजा झालेला असतो. रंगाचंही तेच. उष्णता आणि रश्श्यातला किंचित आंबटपणा यांमुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि पान शेवाळी-करडं पडतं. पडताळा घ्यायचा तर एकाच पातेल्यातल्या दोन वाट्या पुरेत. एकीत रश्श्याबरोबर शिजलेली कोथिंबीर, दुसरीत गरम रस्सा ओतून वर मूठभर ताजी चिरलेली. दुसऱ्या वाटीवर नाक नेलं, की लसणाच्याही आधी कोथिंबीर जाणवते. पहिलीत तिची नुसती चोथ्यासारखी पानं जिभेला लागतात.

देठांची गोष्ट वेगळी. ते जाड आणि तंतुमय असतात, त्यांच्यातला स्वाद हळूहळू उतरतो. तरी आपल्याकडे कोथिंबीर निवडताना पहिल्यांदा देठच कचऱ्यात जातात. जगातल्या जाणत्या स्वयंपाक्यांनी नेमकं उलट केलं आहे. फ्रान्समध्ये पार्स्लीचे देठ, थाइम आणि तमालपत्राच्या जातीचं पान दोऱ्यानं बांधून रश्श्यात सोडतात आणि शेवटी ती जुडी काढून टाकतात. थायलंडमध्ये कोथिंबिरीची मुळं लसूण-मिऱ्यांबरोबर कुटून वापरतात. व्हिएतनाममध्ये कोंबडीच्या ‘फो’ या सूपवर हिरवा पाला पडतो तो थेट वाढताना. या स्वयंपाकघरांच्या चवी वेगवेगळ्या, तरी टणक भाग आधी आणि नाजूक भाग शेवटी हा क्रम सगळीकडे सारखाच आला, हे मला मोलाचं वाटतं.

थाइम-पार्स्ली आपण कुठून आणायची, असं कुणी विचारेल. आता ती पुण्यातही मिळते, पण तिच्यासाठी अडून राहायचं कारण नाही. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या आणि आता महात्मा फुल्यांचं नाव असलेल्या मंडईत पालेभाजीवाल्यांकडे कोथिंबिरीच्या शेजारीच पुदिना, शेपू, कढीपत्ता आणि गवती चहा असतो. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा. त्याची दोन-तीन पाती गाठ मारून शेवटची दहा मिनिटं रश्श्यात ठेवावीत. अनेकांच्या गॅलरीतल्या कुंडीत ओव्याचं जाड, लवदार पान वाढतं आणि वर्षातून दोनदा भज्यांपुरतं आठवतं. त्यात कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल असतं, म्हणजे थाइमला ज्यांमुळे वास येतो तीच द्रव्यं. अर्ध्या किलो कोंबडीला एक पान बास, जास्त झालं तर रस्सा काढ्यासारखा लागतो. कढीपत्त्याचा स्वाद तेला-तुपात चांगला उतरतो, म्हणून तो पाण्यात न टाकता चमचाभर तुपात लसणाबरोबर तडतडवावा. पुदिना आणि शेपू मात्र कोथिंबिरीच्याच पंगतीतले, अगदी शेवटी घालायचे. सूपवर तरंगणारी चरबी सगळी काढून टाकू नये, हेही इथेच सांगायला हवं. वासाची बरीचशी द्रव्यं चरबीत विरघळतात आणि तिच्यामुळेच घोटाघोटाला टिकून राहतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वाटणाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण कोथिंबीर वाटून, परतून, शिजवूनच घालत आलो, ते सगळं चुकलं का? मुळीच नाही. वाटण तेलात परतलं की कच्चा उग्रपणा जातो, लसूण-आल्याशी तो स्वाद एकजीव होतो आणि रश्श्याला अंग येतं. ते काम ताजं पान करू शकणार नाही. पण तीच सुगरण वाढायच्या आधी वरून कोथिंबीर भुरभुरतेच ना? म्हणजे दोन टप्पे आपल्याकडेही आहेत. दाट कालवणात दुसरा टप्पा हुकला तरी खोबरं-मसाला सांभाळून घेतो. अळणी रश्श्यात लपायला जागाच नसते, म्हणून तिथे तो हुकवून चालत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. नोकरीवरून दमून आलेल्या माणसानं मंद आचेवर पातेलं राखत बसायचं का? कुकर खुशाल लावावा. कोंबडी, देठ, आलं, लसूण, चार मिरे आत. दाब उतरल्यावर गाळून घ्यावं आणि मग पानं घालावीत. त्याला एक मिनिटही जादा लागत नाही. शिवाय आज घरी येते ती बहुतेक ब्रॉयलर कोंबडी. ब्रॉयलरच्या धंद्याला देशात वळण देणाऱ्या, डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय पुण्यातच आहे. सहा आठवड्यांच्या आसपासचा हा पक्षी वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, पण त्याचा रस्सा सौम्य निघतो. वयानं मोठ्या गावरान कोंबडीत संयोजी ऊती अधिक असतात. तास-दीड तास मंद शिजल्यावर त्यांतल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. ज्याला गावरान परवडत नाही किंवा मिळत नाही, त्याला ताज्या पाल्याची गरज म्हणूनच जास्त आहे.

सूप औषधी असतं, मग चवीची एवढी चर्चा कशाला, असंही म्हटलं जातं. आयुर्वेदात मांसरस बल्य मानलेला आहेच. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड यांनी २००० साली घरगुती कोंबडीच्या सूपवर संशोधन प्रसिद्ध केलं. त्या सूपनं दाहाशी संबंधित पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली, पण हा प्रयोग काचेच्या नळीतला होता, रुग्णांवरचा नव्हता. त्यावरून सर्दी बरी होते असं म्हणणं घाईचं ठरेल. आजाऱ्यापुरतं बोलायचं, तर तोंडाची चव गेलेल्या माणसानं अर्ध्याऐवजी पूर्ण वाटी प्यावी एवढं साधलं तरी खूप झालं. ते वासानंच साधतं.

पावसाळ्यात कोथिंबीर महागते आणि जुडीत चिखल भरतो, ही अडचण मात्र खरी आहे. जुडी सोडून पसरट भांड्यात भरपूर पाण्यात बुडवावी, माती तळाशी बसली की पाला वरच्यावर उचलून घ्यावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावं. शेवटी घालायची पानं शिजणार नसल्यानं इथे कंटाळा नको. महागाईच्या दिवसांत पानं थोडी आणि देठ सगळे, असा हिशेब ठेवावा. वाळवलेली कोथिंबीर हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण वाळतानाच तिचा बहुतेक वास उडून जातो. रस्सा जास्त केला असेल तर पानं न घालताच गाळून फ्रीजमध्ये ठेवावा. दोन दिवसांत संपवावा, लागेल तेवढाच काढून खळखळून उकळावा आणि कोथिंबीर दरवेळी नव्यानं, ज्याच्या त्याच्या वाटीत चिरून घालावी.