दरूद म्हणजे काय?

जांभूळ-अंबरनाथकडची माणसं माघी पौर्णिमेला मलंगगडाच्या यात्रेला जातात. त्यांत हिंदू असतात, मुसलमानही असतात. दर्ग्यात फातिहा पढतात आणि तिच्या आगेमागे दरूद म्हणतात. दरूद म्हणजे पैगंबरांची पूजा, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. पैगंबर मुहंमदांवर कृपा व्हावी, त्यांना शांती लाभावी, अशी ही अल्लाहजवळ केलेली विनवणी आहे. देणारा अल्लाहच.

कुराणाच्या ३३व्या अध्यायातील ५६व्या वचनात ही आज्ञा आहे. नमाजातल्या दरूदात पैगंबर इब्राहीम आणि त्यांच्या घराण्याचंही स्मरण होतं.

आता फळ कोणतं? एकदा दरूद म्हणणाऱ्यावर अल्लाह दहापट कृपा करतो, असं हदीस सांगते. पण हा व्याजाचा हिशेब नव्हे. पैगंबरांचं नाव ऐकूनही जो दरूद म्हणत नाही, त्याला हदीसमध्ये कंजूष म्हटलं आहे. शब्द नेमका आहे. या दानाला पैसा लागत नाही, विद्याही लागत नाही. मोलमजुरी करणाऱ्यालाही ते देता येतं. दुसऱ्यासाठी मागावं, म्हणजे आपलीही ओंजळ भरते, हे त्यातलं मर्म. वर्गात मुलांनी विचारलं, तर गुरुजींनी एवढं जरूर सांगावं.