नितळ पाण्यांतील अदृश्य मळ

समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या काचपात्रांत रंगीबेरंगी मासे विहरतांना पाहिले, म्हणजे लहानथोर सर्वांचें मन प्रसन्न होतें. पाणीहि इतकें स्वच्छ दिसतें, कीं त्यांत कांहीं दोष असेल अशी शंकाहि येत नाहीं. परंतु नितळ तें शुद्ध, असें मानणें ही मोठी भूल होय. त्या पाण्यांत नकळत साठणाऱ्या नायट्रेट नामक द्रव्याविषयीं आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

हें द्रव्य येतें कोठून? माशांच्या उत्सर्गापासून व उरलेलें अन्न कुजून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस अत्यंत घातक असतो. सुदैवानें वाळूंत व दगडांवर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. असे जंतु मातींत असतात व हें कार्य दोन टप्प्यांनीं होतें, असें रशियन शास्त्रज्ञ सर्गेइ विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास दाखवून दिलें.

नायट्रेट हें पहिल्या दोन पदार्थांइतकें विषारी नाहीं. आणि धोका नेमका येथेंच आहे. अमोनियानें मासे तडफडूं लागले, कीं आपण जागे होतों. नायट्रेट मात्र मुकाट्यानें वाढत राहतें. पाण्याची वाफ होऊन जाते, तें मागेंच राहतें. प्रवाळांच्या समुद्रांत दर लिटरमागें तें बहुधा एक मिलिग्रॅमहि नसतें. पात्रांत तें ४० वर सहज जातें. मग काचेवर शेवाळ माजतें आणि पोंवळ्यांचे रंग मळकट होतात.

यावर पाणी बदलणें हा प्रसिद्ध उपाय आहे. परंतु थोडें गणित करून पाहूं. समजा, नायट्रेट ४० आहे. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदललें, तर ३० उरेल. पण तेवढ्या आठवड्यांत नवें १० तयार झालें, तर पुनः ४०! वर्षभर श्रम केले, तरी आंकडा तेथल्या तेथेंच. आतां अन्न कमी करून नवी भर ५ वर आणली, तर त्याच श्रमानें तो हळूहळू २० च्या जवळ येईल. तात्पर्य, बाहेर काढण्याइतकेंच आंत घालणें आवरलें पाहिजे.

याशिवाय तीन साहाय्यकें आहेत. फेसावाटे मळ काढणारें यंत्र अन्न कुजण्यापूर्वींच तें पाण्याबाहेर टाकतें. वेगळ्या कप्प्यांत उजेडाखालीं वाढविलेलें समुद्रशेवाळ नायट्रेट शोषून घेतें. तें वेळोवेळीं कापून काढावें. सच्छिद्र दगडांच्या गाभ्यांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथील जंतु नायट्रेटचा नत्रवायु करून सोडतात.

दोन गोष्टींविषयीं सावध असावें. नवें पाणी आधीं तपासावें, कारण विहिरीच्या किंवा खाडीच्या पाण्यांतहि नायट्रेट असूं शकतें. दुसरें, वाढलेलें नायट्रेट एका दिवसांत उतरवूं नये. पाण्यांतील एकाएकीं होणारा बदल त्या जीवांस सोसत नाहीं.

घरांतील प्रत्येकजण जातां येतां एक एक चिमूट अन्न टाकतो, तें प्रेमानेंच. परंतु मुक्या जीवांवरील प्रेमास मोजमापाची जोड हवी. बालमित्रहो, अन्न घालण्याचें काम एकाकडेच सोंपवा, कांहीं मिनिटांत संपेल तेवढेंच घाला, आणि दर आठवड्यास नायट्रेट मोजून वहींत टिपून ठेवा. डोळ्यांना जें दिसत नाहीं, तें ती वही दाखवील.