झोप आणि श्वास (भाग ६) : टाकीत पाणी कोणतं भरायचं?

गेल्या आठवड्यात मास्क चेहऱ्यावर नीट कसा बसवायचा ते पाहिलं. मास्क बसला, घोरणं थांबलं, सकाळी डोकं हलकं झालं, की पुढचा प्रश्न सीपॅप यंत्राच्या छोट्या टाकीचा असतो. आपल्या वारंगा फाट्यावर, जिथे नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग एकत्र येतात, तिथे पाण्याचे पर्याय पुष्कळ आहेत. घरात बोअरचं आणि नळाचं, हॉटेलांत वीस लिटरच्या जारचं, बॅटरीच्या दुकानात कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर. चारही पाणी डोळ्यांना सारखंच निर्मळ दिसतं. सीपॅपच्या टाकीत यांतलं एकही जसंच्या तसं भरू नये.

का, ते समजून घ्यायचं तर यंत्राचं काम आठवायला हवं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा उपचार पहिल्यांदा मांडला. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा द्यायची, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. ही हवा रात्रभर कोरडी लागली तर नाक सुकतं, चोंदतं. म्हणून यंत्राला पाण्याची टाकी जोडलेली असते. पाणी कोमट होतं, त्याची वाफ हवेत मिसळते आणि ती ओलसर हवा नळीतून नाकात जाते. पोटात गेलेल्या पाण्यातले बरेच जंतू जठरातलं आम्ल मारतं. नाकात आणि फुप्फुसात तसला पहारेकरी नाही. प्यायला चांगलं असलेलं पाणी श्वासासाठीही चांगलंच असेल, हा समज इथेच चुकतो.

घाबरून मात्र जाऊ नका. टाकीतून वाफ निघते, पाण्याचे तुषार उडत नाहीत. आणि वाफेवर स्वार होऊन जंतू सहसा प्रवास करत नाहीत. सीपॅपमुळे छातीचे संसर्ग वाढतात का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. खरी अडचण वेगळीकडे आहे. थंडीत नळीमध्ये वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते मास्ककडे ओघळतं. टाकी हलली की पाणी नळीत शिरतं. टाकीच्या काठाला गुलाबीसर, बुळबुळीत थर धरतो. ती जंतूंची वसाहत असते. ज्यांना मधुमेह असेल, दमा असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा कर्करोगाचे उपचार सुरू असतील, त्यांनी हा धोका लहान समजू नये. झोपेत श्वास अडकण्याच्या, म्हणजे स्लीप अॅप्नियाच्या रुग्णांमध्ये मधुमेह असलेले पुष्कळ असतात, हे लक्षात असू द्या.

महाराष्ट्राने हे पाण्याचं प्रकरण २०२१ च्या उन्हाळ्यात जवळून पाहिलं आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण गावोगावच्या दवाखान्यांतून दिसू लागले. त्यावरच्या अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रंदिवस धावत होते. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीसक्तीचा करायला सांगितलं. त्याच महिन्यात आयसीएमआर आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. साखर आटोक्यात ठेवा आणि स्टेरॉइड बेताने वापरा, या सूचनांसोबत आणखी एक ओळ होती: ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत निर्जंतुक, स्वच्छ पाणी वापरा. त्या साथीची मुख्य कारणं वाढलेली साखर आणि स्टेरॉइड हीच मानली जातात. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याने किती भर घातली, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तरीही इतक्या धामधुमीत ती ओळ लिहावीशी वाटली, याला महत्त्व आहे. ती घरातल्या सीपॅपलाही तशीच लागू पडते.

आता एकेक पाणी घेऊ. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातून येतं, त्यात क्षार भरपूर. दोन-चार दिवसांत टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो आणि त्या खरबरीत थरात जंतूंना आसरा मिळतो. जारचं पाणी बहुधा आरओचं असतं, म्हणून त्यात क्षार कमी. पण जार किती दिवस धुतला नाही, हे कुणी सांगत नाही. बॅटरीच्या दुकानातल्या पाण्यातून क्षार काढलेले असतात, कारण बॅटरीला तेवढंच हवं असतं. ते निर्जंतुक करण्याची बॅटरीला गरज नसते आणि कॅनही पुन्हा पुन्हा भरला जातो. फाट्यावर ट्रकवाल्यांसाठी ते सहज मिळतं, म्हणून सीपॅपसाठी नेण्याचा मोह होतो. तो टाळा.

सर्वांत चांगलं म्हणजे औषधाच्या दुकानातली सीलबंद निर्जंतुक पाण्याची बाटली. नांदेडला मोठ्या दुकानांत ती मिळते. सलाईन मात्र नको, मिठाने यंत्र बिघडतं. बाटली रोज परवडणार नाही, हे मी जाणतो. तेव्हा माझा सल्ला साधा आहे. आरओचं पाणी चांगली उकळी फुटल्यावर पुढे एक मिनिटभर उकळू द्या, झाकून गार करा आणि चोवीस तासांत संपवा. क्षार आधीच कमी, जंतू उकळण्याने मेले. उरलेलं पाणी दुसऱ्या रात्रीसाठी ठेवू नका. आणि घरात कुणी जलनेती करत असेल, तर त्यांनीही उकळून गार केलेलंच पाणी वापरावं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबा शिरून मृत्यू झाला होता.

धुण्याला विशेष सामान लागत नाही. सकाळी उठल्यावर टाकी काढून पाणी ओता आणि ती उघडी सुकू द्या. मास्कचा मऊ भाग साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कारण चेहऱ्याचं तेल सिलिकॉनला खातं आणि मग हवा गळू लागते. आठवड्यातून एकदा नळी आणि पट्टे धुवा. नळी दोरीवर सावलीत टांगा. ऊन जंतू मारतं हे खरं, पण ते प्लास्टिकही कडक करतं. टाकीला पांढरं बसलंच, तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी मिसळून थोडा वेळ भिजवा. मग भरपूर पाण्याने खळबळून धुवा. डेटॉल, फिनाईल, ब्लीच, स्पिरिट यांतलं काहीही नको. त्यांचा वास रात्रभर छातीत जाईल.

फिल्टरकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यावं लागतं. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, उन्हाळ्यात हळद शिजवून वाळवून तिचं पॉलिश, आणि फाट्यावर वर्षभर गाड्यांची धूळ. पुस्तिकेत फिल्टर बदलायला दिलेली मुदत शहरातल्या बंद खोलीसाठी ठीक असेल. इथे दर पंधरा दिवसांनी काढून बघा. काळपट दिसला की बदला. पांढरा पातळ फिल्टर धुऊन परत लावायचा नसतो.

ओझोनने आपोआप साफ करणारी डबी घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी नको म्हणतो. फेब्रुवारी २०२० मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणांबद्दल सावध केलं होतं. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रं आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे परत मागवली. तेव्हा ओझोनसारख्या साफसफाईने तो फोम आणखी लवकर झिजू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं. कोरोनानंतर विकायला निघालेली जुनी सीपॅप, बायपॅप यंत्रं घेतानाही हे ध्यानात ठेवा. मास्क, नळी, टाकी आणि फिल्टर नवीनच घ्या, आणि यंत्राच्या आतून हवा जाते तो भाग जाणकाराकडून तपासून घ्या. तो भाग घरी धुता येत नाही.

वास येऊ लागला, सर्दी आठवडाभर हटेना, चेहरा दुखू लागला किंवा ताप आणि पिवळा कफ आला, तर डॉक्टरांना दाखवा आणि यंत्र वापरता हे आवर्जून सांगा. तोपर्यंत मनाने यंत्र बंद करू नका. जंतूंच्या भीतीने सीपॅप कपाटात ठेवणारे लोक मला जास्त काळजीत टाकतात. श्वास दर रात्री अडकत राहिला, की रक्तदाब, हृदय आणि स्टिअरिंगवर लागणारी डुलकी यांचा धोका टाकीतल्या थरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पुढच्या आठवड्यात रात्रीच वीज गेली तर यंत्र कसं चालवायचं आणि इन्व्हर्टर किती क्षमतेचा लागतो, हे पाहू.